डोसे, थालीपीठ आणि पावभाजीसाठी अंगणातला गॅसचा तवा: कोणता घ्यावा?

प्रश्न असा आहे: 'नॉर्थ कॅरोलायनात कॅरीजवळ नवं घर घेतलंय, मागे सिमेंटचा पॅटिओ आहे. घरात आम्ही चौघं, पण महिन्यातून दोन-तीनदा दहा-बारा माणसं जेवायला असतात. बाहेर प्रोपेनवर चालणारा सपाट तवा, म्हणजे ग्रिडल, घ्यायचाय. डोसे, थालीपीठ, पावभाजी आणि मुलांचे पॅनकेक-बर्गर सगळं व्हायला हवं. २२ इंची घ्यावा, २८ की ३६? नॉनस्टिक लेपाचा की साधा लोखंडी? आणि घरी आणल्यावर पहिल्या दिवशी काय करायचं?'

आधी थेट उत्तर देते. तुमच्या घरासाठी २८ इंची, दोन बर्नरचा, साध्या लोखंडी पत्र्याचा तवा घ्या. नॉनस्टिक लेपाचा घेऊ नका. वाचलेल्या पैशांत दुसरा सिलिंडर, उंच घुमटाचं झाकण आणि तापमान बघायचं इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. मी गेली बारा वर्षं याच भागात बारसं, डोहाळजेवण, वाढदिवस अशा घरगुती कार्यांना जागेवर डोसे आणि पावभाजी करून देते. चार तवे वापरून झाले, त्यातले दोन चुकीचे घेतले होते.

दुकानात गेलात की विक्रेता बर्नर किती, बाजूच्या फळ्या किती, खाली कपाट आहे का, हे दाखवतो. तुम्ही एवढंच बघा की तव्याच्या प्रत्येक भागाखाली पुरेशी आच पोचते का आणि तो भाग किती जाड आहे. स्वयंपाकघरातल्या शेगडीवर ज्योत तव्याच्या मधोमध असते, म्हणून आपल्याला गोल तव्याचा मध्य तापलेला आणि कडा थंड अशी सवय असते. ग्रिडलमध्ये आयताकृती पत्र्याखाली नळीसारखे बर्नर असतात. बर्नरच्या बरोबर वर पत्रा जास्त तापतो, दोन बर्नरांच्या मध्ये थोडा कमी, आणि कडांना, विशेषतः वाऱ्याच्या बाजूला, सगळ्यात कमी. हा फरक राहणारच. तो आपल्या पदार्थाला चालेल इतका आहे का, हे बघून तवा घ्यायचा.

आता आकडे. अमेरिकेत सगळ्यात जास्त दिसणाऱ्या ब्लॅकस्टोनचं उदाहरण घेते, कारण तुमच्या शेजारीपाजारी तोच असेल. त्यांच्या ३६ इंची तव्याला चार बर्नर, एकूण ६०,००० बीटीयू (बीटीयू हे उष्णतेचं माप; बर्नरचा आकडा ताशी असतो) आणि साधारण ७६८ चौरस इंच जागा. २८ इंचीला दोन बर्नर, ३४,००० बीटीयू आणि सव्वापाचशेच्या आसपास चौरस इंच. टेबलावर ठेवायच्या २२ इंचीला २४,००० बीटीयू आणि ३६१ चौरस इंच. नुसते बीटीयू बघू नका, त्यांना जागेनं भागा. ३६ इंचीला चौरस इंचामागे ७८ येतात, २८ आणि २२ इंचीला ६५च्या जवळपास. सतरा इंची एका बर्नरच्या छोट्या तव्याला ४५च्या आसपास. माझ्या अनुभवात साठच्या वर आकडा असला की थंड पीठ पडल्यावर पत्रा लवकर सावरतो. पंचेचाळीसच्या तव्यावर दुसरा डोसा घालायला थांबावं लागतं, आणि पाहुणे ताटं घेऊन उभे असताना तो वेळ फार मोठा वाटतो. कुठल्याही कंपनीचा तवा असो, खोक्यावरचे हे दोन आकडे घेऊन भागाकार करा.

मग ३६ इंची का नको? सगळे तोच घ्या म्हणतील, आणि बर्गरसाठी ते खरंही आहे. पण तुमच्या पाहुण्यांचं गणित मांडू. बारा माणसं, प्रत्येकी तीन डोसे, म्हणजे छत्तीस डोसे. दहा-अकरा इंचांचा डोसा निघायला सरासरी तीन मिनिटं धरा. घरातल्या तव्यावर एकेक करत गेलात तर १०८ मिनिटं, म्हणजे करणारी व्यक्ती पूर्ण वेळ शेगडीशीच. २८ इंचीवर एका वेळी दोन डोसे नीट होतात, म्हणजे ५४ मिनिटं. ३६ इंचीवर तीन, म्हणजे ३६ मिनिटं. एकातून दोनावर जाताना जवळजवळ तास वाचतो. दोनातून तीनावर जाताना अठरा मिनिटं वाचतात, आणि ती वाचवायला हात सरावलेले लागतात, कारण तिसरा पसरेपर्यंत पहिला करपायला लागतो. महिन्यातून दोनदा वाचणाऱ्या अठरा मिनिटांसाठी रोज मोठा पत्रा तापवायचा, खरवडायचा, पुसायचा आणि तेल लावून झाकायचा. मी ज्या घरांत जाते तिथे ३६ इंची तवे आच्छादनाखाली झोपलेले दिसतात आणि २८ इंचीवाले बुधवारी रात्रीसुद्धा थालीपीठं लावतात. तवा जितका जास्त पेटतो तितका तो चांगला होत जातो, म्हणून मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते.

३६ इंची मी दोनच प्रकारच्या घरांना सुचवते. ज्यांच्याकडे दर आठवड्याला वीसच्या वर माणसं असतात त्यांना, आणि ज्यांना एकाच वेळी तीन वेगळ्या आचा हव्या असतात त्यांना. चार बर्नर असले की एका टोकाला भाजी मंद शिजत ठेवता येते, मध्ये पाव भाजता येतात आणि दुसऱ्या टोकाचा बर्नर बंद ठेवून तयार पदार्थ गरम राखता येतात. दोन बर्नरवर ही तिसरी जागा मिळत नाही, तेव्हा घरातला ओव्हन १७० फॅरनहाइटवर लावून ठेवायचा. २२ इंची कॅम्पिंगला, छोट्या पॅटिओला किंवा दोघांच्या घराला उत्तम. तुम्ही चौघं आहात, तुम्हाला तो सहा महिन्यांत अपुरा पडेल.

पत्र्याबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण चूक इथेच होते. बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात: साधा कोल्ड-रोल्ड लोखंडी पत्रा, त्यावर सिरॅमिक नॉनस्टिक लेप दिलेला, आणि स्टेनलेस स्टील. लेपाचा तवा पहिले काही महिने सुंदर चालतो. पण आपण त्यावर काय करतो ते आठवा. पावभाजीला लोखंडी मॅशरनं बटाटे-मटार ठेचतो, कालथ्यानं खालून खरवडून भाजी ओढतो, रिकाम्या बर्नरवर पत्रा लाल व्हायच्या बेतात तापवतो. लेपाला ओरखडा आणि अतिआच दोन्ही सोसत नाहीत. पाचशे फॅरनहाइट, म्हणजे २६० सेल्सियसच्या पुढे वारंवार नेलं की त्याचा गुळगुळीतपणा जातो, आणि गेलेला लेप घरी परत देता येत नाही. साधा लोखंडी पत्रा गंजला, करपला, खरवडला गेला तरी घासून, तेल पाजून पुन्हा उभा राहतो. माझा जुना तवा दोनदा पूर्ण गंजून परत आला आहे आणि आज त्याच्यावर कागदासारखे डोसे निघतात. स्टेनलेस दिसायला छान आणि गंजाची काळजी नाही, पण आंबवलेलं पीठ त्याला चिकटतं. आता काही कंपन्या कारखान्यातच तेल पाजून काळा केलेला लोखंडी पत्रा देतात. वेबरच्या २०२४ सालच्या स्लेट तव्याला तसा आहे. बजेट असेल तर हा मार्ग सोपा, तरी आपल्या हातानं दोन थर वरून द्यावेतच.

जाडीसाठी गेज हा शब्द वापरतात, आणि गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. ७ गेज म्हणजे सुमारे साडेचार मिलिमीटर, तेवढा हवाच. दुकानात बोटानं टिचकी मारून बघा. पातळ पत्रा डब्यासारखा वाजतो, जाड पत्रा बोदा आवाज देतो. ३६ इंची ७ गेजचा नुसता पत्रा अठरा-वीस किलो भरतो, आणि ते वजनच आपल्या कामाचं आहे.

तरी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. उडुपी हॉटेलात डोशाची जी लोखंडी लादी असते ती याच्या कितीतरी पट जाड असते. तिच्यात साठलेली उष्णता इतकी असते की फ्रिजमधलं पीठ टाकलं तरी तिला फरक पडत नाही. साडेचार मिलिमीटरच्या पत्र्याकडे तेवढी शिल्लक नसते. म्हणून पीठ करण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवा, एक डोसा काढल्यावर अर्धं मिनिट थांबा आणि ज्योत मध्यमच्या वर नेऊ नका. पुष्कळ जण ज्योत पूर्ण सोडून ठेवतात, मग पीठ पसरायच्या आधीच पळीला गोळा होऊन उचललं जातं. तापमान बघायचं तर डोसा आणि घावनाला ३७५ ते ४०० फॅरनहाइट (१९० ते २०५ सेल्सियस), थालीपिठाला ३२५ ते ३५० (१६५ ते १७५), पुरणपोळीला त्याच्या किंचित वर, आणि बर्गर दाबून भाजायचे तर ४५०. थर्मामीटर नसेल तर पाण्याचा शिंतोडा. थेंब चर्रकन आवाज करून लगेच विरला तर डोसा घाला. थेंब मोत्यांसारखे पळायला लागले तर पत्रा डोशासाठी जास्त तापलाय, पाण्याचा हबका मारून पुसून घ्या. इन्फ्रारेड थर्मामीटरबद्दल मात्र सावध राहा. नव्या चकचकीत पत्र्यावर तो खऱ्यापेक्षा बरंच कमी तापमान दाखवतो. पत्रा काळा झाला की मग आकडा भरवशाचा.

पावभाजी. मुंबईत गाडीवर आपण बघतो तो तवा गोल, मधे सपाट आणि कडेला चढ असलेला असतो. भाजी कडेला सारून ठेवता येते आणि मधे लोणी, लसूण, तिखट परतून त्यात ती पुन्हा ओढता येते. ग्रिडल सपाट आहे आणि त्याला तेल-चरबी वाहून जायला मागे किंवा बाजूला एक भोक असतं. पातळ भाजी पसरली की अर्धं लोणी त्या भोकातून खालच्या भांड्यात जातं. म्हणून कडा उंच आहेत का आणि भोक नेमकं कुठे आहे हे घेताना बघा. भोक मागे असलेला तवा आपल्याला सोयीचा, कारण काम पुढच्या भागात चालतं. दुसरी अडचण टोमॅटोची. टोमॅटो आणि लिंबाचा आंबटपणा नव्या तव्यावरचा तेलाचा थर खाऊन टाकतो, आणि पुढच्या सकाळी डोसा चिकटला की लोक तव्याला दोष देतात. मी बटाटा, फ्लॉवर, मटार आणि टोमॅटो घरात कुकरमध्ये शिजवून घेते. बाहेर तव्यावर फक्त कांदा, ढोबळी मिरची, मसाला आणि लोणी परतते, त्यात शिजलेली भाजी ओतून दहा मिनिटं ठेचते आणि लगेच पातेल्यात काढते. चव तव्याचीच येते, थरही टिकतो. भाजी निघाल्याबरोबर पाणी मारून खरवडायचं, पुसायचं आणि थेंबभर तेल फिरवायचं. मग त्याच तव्यावर लादीपाव लोण्यात भाजा. भाजीचा उरलेला मसाला पावाला लागतो, तो स्वाद स्वयंपाकघरातल्या तव्यावर कधी आला नाही मला.

थालीपीठ, आंबोळी आणि घावनासाठी झाकण नाही तर काही नाही. उघड्या हवेत वरचा भाग कोरडा पडतो आणि आतून कच्चा राहतो. दहा-बारा इंचांचं घुमटाकार झाकण मिळतं, मूठ उंच असलेलं घ्या. थालीपीठ ओल्या फडक्यावर थापून तव्यावर उलटवायचं, भोकांत तेल सोडायचं आणि झाकायचं. तीन-चार एका वेळी लागतात आणि खमंग लागतात.

एक गोष्ट ग्रिडलवर होत नाही, ती म्हणजे उघडी ज्योत. ज्वारीची भाकरी तव्यावर भाजून शेवटी ज्योतीवर फुगवतो, वांगं भरतासाठी ज्योतीवरच भाजतो, फुलक्याचंही तेच. सपाट पत्र्याखालचे बर्नर आपल्याला मोकळे मिळत नाहीत. तुमच्या घरी भाकरी आणि भरीत वारंवार होत असेल तर कॅम्प शेफचा फ्लॅट टॉप बघा. त्याचा लोखंडी पत्रा उचलून बाजूला ठेवता येतो आणि खाली ग्रिलच्या जाळ्या आणि ज्योत मिळते. देशस्थ-खानदेशी घरांना मी बिनदिक्कत तोच सुचवते. एकाच यंत्रावर वांगी भाजून मग पत्रा ठेवून कळण्याची भाकरी करणारं एक घर मला माहीत आहे, तिथे जेवायला मला फार आवडतं.

वाऱ्याकडे लक्ष द्या. बहुतेक ग्रिडलमध्ये पत्रा आणि खालचा सांगाडा यांच्यात फट असते. वारा आला की ज्योत एका बाजूला लवते आणि अर्धा तवा थंड पडतो. फटीत बसणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्या मिळतात, पण सगळी हवा कोंडेल अशा प्रकारे त्या लावू नका. खाली कोंडलेली उष्णता नॉबपर्यंत येते आणि ज्योतीला हवाही कमी पडते. २०२३ साली आलेल्या ट्रेगरच्या फ्लॅटरॉकमध्ये ही फट बंद केली आहे आणि इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचे तीन बर्नर आहेत, त्यामुळे आच बरीच एकसारखी मिळते. पण तो नऊशे डॉलरच्या आसपास किमतीला बाजारात आला. कॅरी भागातला वारा पाहता मला तो खर्च गरजेचा वाटत नाही. तुमच्या पॅटिओवर वारा कुठून येतो ते दोन संध्याकाळी बघा आणि तव्याची पाठ त्या बाजूला करा.

उतारही असाच दुर्लक्षित विषय. तव्याला भोकाच्या दिशेनं अगदी हलका उतार हवा, त्याहून जास्त नको. पॅटिओ पाण्याच्या निचऱ्यासाठी मुळातच उतरता केलेला असतो. फोनमधलं लेव्हल तव्यावर ठेवून पायांचे स्क्रू फिरवा. उतार जास्त असेल तर घावनाचं पीठ एका बाजूला पळतं आणि गोल घातलेलं लांबट निघतं.

आता गॅस. इथला नेहमीचा पांढरा सिलिंडर वीस पौंडांचा, म्हणजे नऊ किलोंचा. पूर्ण भरलेल्यात साधारण ४,३०,००० बीटीयू असतात. २८ इंची तवा पूर्ण ज्योतीवर चालवला तर बारा तासांवर, ३६ इंची सात तास. पेट्रोलपंपावर रिकामा देऊन भरलेला घेतो त्या सिलिंडरमध्ये बहुधा पंधराच पौंड गॅस असतो. हार्डवेअरच्या दुकानात डोळ्यांदेखत भरून घेतलात तर पूर्ण वीस मिळतो आणि शिल्लक गॅसचे पैसेही वाया जात नाहीत. किती उरलाय हे बघायला भारतात जाताना बॅगा तोलायचा हुकाचा काटा वापरा, तो प्रत्येकाकडे असतोच. सिलिंडरच्या कड्यावर 'टीडब्ल्यू' म्हणून रिकामं वजन कोरलेलं असतं, बहुतेक सतरा पौंडांच्या जवळपास. वजनातून ते वजा करा.

एका डोहाळजेवणाला ज्योत एकदम मेणबत्तीएवढी झाली. मी सिलिंडर संपला समजून दुसरा लावला, तरी तेच. चाळीस माणसं बसलेली, आणि माझा घसा कोरडा. कारण नंतर कळलं. नॉब उघडा असताना सिलिंडरची चावी झटक्यात उघडली की रेग्युलेटरला गळती झाल्यासारखं वाटतं आणि तो गॅस रोखून धरतो. उपाय असा: सगळे नॉब बंद, सिलिंडर बंद, नळी काढा, दोन मिनिटं थांबा, नळी परत लावा, चावी अगदी हळू उघडा आणि मगच बर्नर पेटवा. तुमच्या नव्या तव्याची ज्योत दुबळी वाटली तर तो परत करण्याआधी हे करून बघा. दहात आठ वेळा तेवढंच असतं.

सिलिंडर लावल्यावर प्रत्येक वेळी साबणाचं पाणी जोडावर लावून बुडबुडे येतात का बघा. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. म्हणून सिलिंडर तळघरात, घरात किंवा गॅरेजमध्ये ठेवायचा नाही. आणि पाऊस आला म्हणून तवा गॅरेजमध्ये ओढून दार उघडं ठेवून शिजवायचं हे तर अजिबात नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

इथला प्रोपेन उणे ४२ सेल्सियसलाही वायू होतो, म्हणून जानेवारीतसुद्धा तवा चालतो. भारतातल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेनचं मिश्रण असतं आणि रेग्युलेटर, जोड सगळंच वेगळं, तेव्हा तिकडची शेगडी इकडे किंवा इकडचा तवा तिकडे नेऊन जोडण्याच्या फंदात कुणी पडू नये.

तवा भिंतीपासून दूर ठेवा. पहिल्या वर्षी मी तो घराच्या भिंतीपासून दोन फुटांवर ठेवला होता आणि व्हिनाइल साइडिंग, म्हणजे भिंतीवरचं प्लास्टिकचं आवरण, वितळून लाटेसारखं वाकलं. आता मी दहा फूट सोडते. तुमचं स्वतंत्र घर असेल तर एचओएचे, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघाचे, नियम वाचले की झालं. टाउनहाउस किंवा अपार्टमेंट असेल तर आधी अग्निशमन विभागाला विचारा. अनेक राज्यांत लागू असलेल्या इंटरनॅशनल फायर कोडमध्ये अनेक घरांच्या इमारतींत लाकडी बाल्कनीवर किंवा जळू शकणाऱ्या बांधकामाच्या दहा फुटांच्या आत अशा शेगड्यांना मनाई आहे. एक पौंडाच्या छोट्या सिलिंडरला आणि स्प्रिंकलर असलेल्या इमारतींना सवलत आहे, तरी स्थानिक नियम याहून कडक असू शकतो.

सोबत घ्यायच्या वस्तू फार नाहीत. दोन पातळ लवचीक कालथे, एक जाड धारदार खरवडणी, पाण्याची आणि तेलाची अशा दोन पिचकाऱ्या, घुमटाचं झाकण, थर्मामीटर आणि कडक पत्र्याचं आच्छादन. शेजारी बेकिंग सोडा आणि अग्निशामक ठेवा. तेलाच्या भांड्याला आग लागली तर पाणी टाकायचं नाही. तीस वस्तूंचा संच विकतात, त्यातल्या पंचवीस पडून राहतात.

आपल्या भागातला शत्रू म्हणजे दमट हवा. रात्री आच्छादनाखाली ओल कोंडली की आठवड्यात तांबडे ठिपके येतात. गरम असतानाच पुसून तेलाचा पातळ हात फिरवा आणि पूर्ण निवल्यावरच झाका. मार्च-एप्रिलमध्ये पाइनचा पिवळा पराग सगळ्यावर बसतो, तेव्हा पेटवण्याआधी ओल्या फडक्यानं कडा पुसा. हिवाळ्यानंतर पहिल्यांदा पेटवताना बर्नरच्या नळ्यांची तोंडं ब्रशनं साफ करा. कोळी त्यात जाळं करतात, मग ज्योत पिवळी येते किंवा नॉबच्या बाजूनं भडका उडतो.

पहिला दिवस. तव्याला कारखान्याचं संरक्षक तेल लागलेलं असतं. साबण आणि कोमट पाण्यानं धुवा, पूर्ण कोरडा करा, आणि साबणाची ही शेवटची वेळ धरा. दोन्ही बर्नर आधी मंदच ठेवा, दहा मिनिटांनी वाढवा. थंड पत्रा एकदम पूर्ण आचेवर टाकला किंवा तापलेल्यावर तांब्याभर गार पाणी ओतलं तर तो कायमचा वाकू शकतो. पत्र्याचा रंग तपकिरी-निळसर झाला की दोन चमचे कॅनोला तेल घालून चिमट्यात धरलेल्या सुती फडक्यानं कडांसकट पसरा, आणि मग दुसऱ्या कोरड्या फडक्यानं जवळजवळ सगळं पुसून घ्या. थर जाड राहिला तर चिकट डाग पडतात. धूर पूर्ण थांबेपर्यंत, साधारण पंधरा मिनिटं, तापवा. असं चार वेळा. साजूक तूप यासाठी वापरू नका, ते या कामाला घट्ट धरत नाही.

चौथा थर झाल्यावर तीन-चार कांदे उभे चिरून भरपूर तेलात, काळे होईपर्यंत, तव्याच्या कानाकोपऱ्यांत फिरवत परता. ते कांदे टाकून द्यायचे. पहिले दोन आठवडे तेल सुटणारे पदार्थच करा: बर्गर, तेलात परतलेले बटाट्याचे काप, तेल सोडून लावलेली थालीपीठं. पावभाजीला तिसऱ्या आठवड्यापर्यंत थांबा. तवा काळा आणि तुकतुकीत दिसायला लागला, आणि अर्धा कांदा सुरीला टोचून फिरवल्यावर कुठे अडला नाही, की त्या रात्री तांदूळ भिजत घाला. डोशाच्या आधी घावन करा. पीठ पातळ असतं, तव्याचा उतार, थंड जागा, गरम जागा सगळं त्यात लगेच दिसतं. पहिली दोन फाटतील. तिसऱ्यापासून सुटायला लागतील.